पेंच, चौराई आणि वरचे-खालचे: नद्यांच्या आंतरराज्य पाणीतंट्यांबद्दल नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

नागपूरच्या नळाचा आणि मध्य प्रदेशाचा संबंध काय?

सरळ संबंध आहे. शहराच्या पाण्याचा मोठा हिस्सा पेंच नदीतून येतो आणि पेंच उगम पावते छिंदवाडा जिल्ह्यात, सातपुड्यात. तिथून ती खाली येऊन तोतलाडोहला अडते. खाली नवेगाव खैरीला, म्हणजे आपण ज्याला कामठी खैरी म्हणतो तिथे, दुसरं धरण आहे. शहराचं पाणी, पारशिवनी, रामटेक, मौदा आणि पुढे भंडाऱ्याकडे जाणारे नहर, कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं, सगळं या साखळीवर चालतं. उरलेली गरज कन्हान भागवते, आणि कन्हानही छिंदवाड्यातूनच येते. वैनगंगा सिवनीची, वर्धा बैतुलची. थोडक्यात, पूर्व विदर्भातली जवळजवळ प्रत्येक मोठी नदी महाराष्ट्रात शिरते तेव्हा ती आधीच दुसऱ्या राज्यातून वाहून आलेली असते. ‘आंतरराज्य पाणीतंटा’ म्हटलं की आपल्याला कावेरी आठवते, पण आपण स्वतः एका तंट्याच्या खालच्या टोकाला बसलेलो आहोत.

चौराई धरण बांधून मध्य प्रदेशने आपलं पाणी पळवलं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक वेळा रागाने येतो. उत्तर ‘नाही’ असं आहे, पण ते तेवढ्यावर संपत नाही.

छिंदवाडा जिल्ह्यातल्या चौराई तालुक्यात माचागोरा इथे पेंचवर मध्य प्रदेशने धरण बांधलं. छिंदवाडा आणि सिवनी जिल्ह्यांतल्या शेतीसाठी ते आहे. गोदावरी पाणीतंटा लवादाने १९८० साली अंतिम निवाडा दिला तेव्हा राज्यांनी आपापसांत केलेले करार त्यात जोडून घेतले. त्या वाटणीत पेंचचं ३५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मध्य प्रदेशाचं आणि ३० टीएमसी महाराष्ट्राचं धरलं गेलं. मध्य प्रदेशने आपला वाटा कित्येक वर्षं पुरता वापरलाच नाही. ते न वापरलेलं पाणी वाहत तोतलाडोहला येत राहिलं आणि आपण त्याच्या जोरावर शहर वाढवलं, नहराखालची शेती वाढवली, वीजकेंद्रांना पाणी दिलं. दशकभरापूर्वी चौराईत पाणी अडायला लागलं आणि आपल्या हिशेबातला हा शेजाऱ्याचा भाग उघडा पडला.

म्हणून ‘चोरी’ हा शब्द चुकीचा आहे. पण नागपूरची तक्रार पोकळ आहे असंही नाही. वर्षाची बेरीज कराराप्रमाणे असली तरी वरचं धरण आधी भरतं. जून-जुलैत पावसाने दगा दिला तर जे काही थोडं येतं ते चौराईत थांबतं आणि तोतलाडोहला पोचायला ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो. तोवर खाली धानाचे पऱ्हे वाळत असतात. २०१९ च्या जुलैत शहराला दिवसाआड पाणी घ्यावं लागलं ते याच गणितामुळे: आदल्या वर्षी पाऊस कमी, तोतलाडोहचा साठा तळाला आणि नवा पाऊस लांबलेला. पुढे पाऊस आला, धरण भरलं आणि आपण विसरलो. पाणीतंट्यांची हीच खोड आहे. पोळ्यापर्यंत चांगला पाऊस पडला की वर्तमानपत्रांतून विषय नाहीसा होतो.

टीएमसी, दलघमी हे काय आहे? किती पाणी?

एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, अर्थात सुमारे २८.३ दशलक्ष घनमीटर. दशलक्ष घनमीटरलाच सरकारी कागदांत दलघमी म्हणतात. तोतलाडोहचा उपयुक्त साठा सुमारे १,०१७ दलघमी, म्हणजे ३६ टीएमसीच्या आसपास. कामठी खैरीचा सुमारे १४२ दलघमी. लवादांचे आकडे टीएमसीत आणि धरणांचे दलघमीत येतात, त्यामुळे तुलना करताना आधी रूपांतर करून घ्या. नाहीतर सभांमधून फेकले जाणारे आकडे सगळेच खरे वाटतात.

नदीचा मालक कोण? केंद्र की राज्य?

मालक असा कोणी नाही. राज्यघटनेच्या राज्यसूचीत १७ व्या नोंदीत पाणी आहे: पुरवठा, सिंचन, कालवे, धरणं. पण ती नोंद केंद्रसूचीतल्या ५६ व्या नोंदीच्या अधीन आहे. संसदेने सार्वजनिक हितासाठी ठरवलं तर आंतरराज्य नद्यांचं नियमन केंद्र हातात घेऊ शकतं. संसदेने हा अधिकार फारसा वापरलेला नाही. १९५६ चा नदी मंडळ कायदा त्यासाठीच आला होता, पण त्याखाली एकही नदी मंडळ उभं राहिलं नाही. म्हणून व्यवहारात राज्यं आपल्या हद्दीत धरणं बांधतात, खालचं राज्य हरकत घेतं आणि केंद्र मध्यस्थाच्या भूमिकेत जातं.

कायद्याने वरच्या राज्याचा हक्क जास्त की खालच्या?

दोघांनाही असंच वाटतं की आपला.

वरच्याचा दावा जुना आहे: पाणी माझ्या जमिनीवर पडलं, मी वापरीन. १८९५ साली अमेरिकेचे महान्यायवादी हार्मन यांनी मेक्सिकोविरुद्ध नेमकं हेच मत दिलं होतं. पण १९०६ मध्ये त्याच अमेरिकेने रिओ ग्रांदेचं पाणी मेक्सिकोला देण्याचा तह केला. खालच्याचा दावाही तितकाच टोकाचा असतो: नदी जशी पूर्वापार येत होती तशीच आली पाहिजे, एक थेंब कमी नको. हे दोन्ही दावे एकाच वेळी मान्य करता येत नाहीत, म्हणून लवादांनी मधला मार्ग धरला, न्याय्य वाटपाचा. भारतात त्याची मांडणी स्वातंत्र्याच्याही आधीची आहे. सिंधूच्या पाण्यावरून पंजाब आणि सिंध भांडत होते तेव्हा राव आयोगाने १९४२ साली हे तत्त्व मांडलं.

न्याय्य वाटप म्हणजे समान वाटप नव्हे. पाणलोट कोणाचा किती, पाऊस किती, आधीपासून चालू असलेले वापर कोणते, लोकसंख्या, दुसरे स्रोत उपलब्ध आहेत का, हे सगळं तोललं जातं. यातला ‘आधीपासूनचा वापर’ हा मुद्दा खालच्या राज्यांना फार फळतो. कारण मैदानी प्रदेशात कालवे आधी झाले आणि डोंगराळ वरचे भाग मागे राहिले. छिंदवाड्याचा शेतकरी विचारतो की आमच्या डोंगरावरचं पाणी तुमच्या शहराला आधी पोचलं, हा आमचा गुन्हा का? खरं सांगायचं तर या प्रश्नाचं पटेल असं उत्तर आपल्याकडे नाही. आपणही कोयनेच्या काठावर उभे राहून कर्नाटक आणि आंध्रला हेच विचारत आलो आहोत.

लवाद नेमला की प्रश्न सुटतो का?

सुटतो कधीकधी, पण वय वाढतं. अनुच्छेद २६२ खाली १९५६ साली आंतरराज्य नदी पाणीतंटा कायदा झाला. राज्याने तक्रार करायची, वाटाघाटींनी मिटत नाही असं केंद्राचं मत झालं की लवाद नेमायचा. २००२ च्या दुरुस्तीने मुदती घातल्या: एका वर्षात लवाद, तीन वर्षांत निवाडा, लागलीच तर आणखी दोन वर्षं. निवाड्याला सर्वोच्च न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ दिलं गेलं.

कागदावरची मुदत आणि प्रत्यक्ष यांत मोठं अंतर आहे. कावेरी लवाद १९९० साली नेमला, अंतिम निवाडा २००७ मध्ये. रावी-बियास लवाद १९८६ सालचा, तो अजून मार्गी लागलेला नाही. बच्छावत यांच्या कृष्णा लवादाने मात्र १९६९ ते १९७३ या चार वर्षांत निवाडा दिला. महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकला ७००, आंध्रला ८०० टीएमसी. एकच कायमस्वरूपी लवाद असावा म्हणून २०१९ मध्ये लोकसभेने विधेयक मंजूर केलं, पण ते राज्यसभेच्या पुढे गेलं नाही.

आकडे ठरलेले असताना भांडण पुन्हा का उकरून निघतं?

कृष्णेचे तिन्ही राज्यांत वाटलेले २,०६० टीएमसी हे ७५ टक्के विश्वासार्हतेचं पाणी आहे. म्हणजे शंभर वर्षांपैकी पंचाहत्तर वर्षांत निदान एवढं पाणी नदीत असेल, असा हिशेब. उरलेल्या पंचवीस वर्षांत ते नसतं. सरासरीने दर चौथं वर्ष तुटीचं, आणि भांडण त्याच वर्षी होतं. निवाड्याचे आकडे चांगल्या वर्षाचे असतात. वाईट वर्षी कमतरता कशी वाटायची, कोणत्या महिन्यात किती सोडायचं, हे फार थोड्या निवाड्यांत नीट लिहिलेलं असतं.

कावेरीच्या निवाड्यात तुटीच्या वर्षी सगळ्यांचे वाटे त्याच प्रमाणात कमी करायचे, असं आहे. ऐकायला सोपं आहे. पण तूट आहे हे ठरवायचं कधी? जूनमध्ये ठरवलं तर घाई होते, ऑक्टोबरमध्ये ठरवलं तर पीक गेलेलं असतं. तमिळनाडूला कुरुवै हंगामासाठी जूनमध्येच पाणी लागतं, कर्नाटकला आपलं धरण भरेपर्यंत दारं उघडवत नाहीत. नवतपा सरताना आपण तोतलाडोहच्या आकड्याकडे जसे डोळे लावून बसतो, तसंच तिथेही असतं.

म्हणून माझं मत असं की लवादाकडून आणखी चार टीएमसी मिळवण्यासाठी वर्षानुवर्षं भांडण्यापेक्षा वाईट वर्षाचं वेळापत्रक आधी लिहून घेणं जास्त मोलाचं आहे. पेंचबाबतही चौराईतून कोणत्या महिन्यापर्यंत किती पाणी खाली सोडायचं, हे दोन राज्यांनी कागदावर ठरवलं तर तंटा बराचसा हलका होईल. दोन्हीकडच्या मंत्र्यांना मात्र टीएमसीचे आकडे जास्त आवडतात. ते भाषणात चांगले वाजतात.

सर्वोच्च न्यायालयात जाता येत नाही असं म्हणतात. मग कावेरीचा निकाल कसा आला?

१९५६ च्या कायद्याचं ११ वं कलम म्हणतं की लवादाकडे जाऊ शकणाऱ्या तंट्यात न्यायालयांना अधिकार नाही. पण अनुच्छेद १३६ खाली विशेष परवानगीने अपील ऐकण्याचा आपला घटनात्मक अधिकार त्यामुळे संपत नाही, असं न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये ठरवलं. मग १६ फेब्रुवारी २०१८ ला निकाल आला. कर्नाटकचा वाटा १४.७५ टीएमसीने वाढला, तमिळनाडूचा तेवढ्याने घटला. बंगळूरूच्या पिण्याच्या पाण्याचा विचार त्यात झाला. मोठ्या शहराची तहान हा वाटणीचा निकष ठरू शकतो, याची नोंद नागपूरने घ्यायला हवी.

गोदावरी लवादाने महाराष्ट्राला काय दिलं?

गोदावरीचा निवाडा कृष्णेसारखा एकेका राज्याच्या एकूण टीएमसीवर उभा नाही. तो खोऱ्यांच्या तुकड्यांनुसार आणि करारांनुसार आहे. पैठणच्या वरचं सगळं पाणी महाराष्ट्राचं. पैठणच्या खाली पोचमपाडपर्यंतच्या (आता तेलंगणातलं श्रीरामसागर धरण) भागात नव्या वापरासाठी ६० टीएमसीची मर्यादा. नांदेडचा बाभळी बंधारा याच मर्यादेत बांधला होता, तरी आंध्र न्यायालयात गेलं, कारण बंधारा पोचमपाडच्या फुगवट्यात, म्हणजे धरणामुळे मागे साचणाऱ्या पाण्यात, येतो. २०१३ च्या फेब्रुवारीत निकाल महाराष्ट्राच्या बाजूने लागला, पण अटींसह: १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारं उघडी ठेवायची आणि १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचं. बंधाऱ्याची एकूण क्षमता २.७४ टीएमसी. परतीच्या पावसात दारं उघडी राहतात आणि पाणी समोरून वाहून जातं, अशी नांदेडकरांची तक्रार आहे. ती खरीही आहे. तरीही आधी लिहिलेल्या वेळापत्रकाचं हे आपल्याकडचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे. तारखा पसंत नसल्या तरी तारखा आहेत.

तेलंगणाच्या बाबतीत आपण वरचे. मग गडचिरोलीचे लोक का ओरडतात?

कारण खालचा माणूस वरच्याचं पाणी अडवू शकत नाही, पण त्याची जमीन बुडवू शकतो.

वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. त्याच्या खाली तेलंगणाने कालेश्वरम प्रकल्पाचा मेडिगड्डा बंधारा बांधला. २३ ऑगस्ट २०१६ ला दोन्ही राज्यांत करार झाला. त्यात मेडिगड्डाची पातळी १०० मीटर, वर प्राणहितेवरच्या तुमडीहेटी बंधाऱ्याची १४८ मीटर ठरली. तुमडीहेटीला आधी १५२ मीटर मागितले होते, महाराष्ट्राने बुडीत क्षेत्रामुळे नकार दिला होता. जून २०१९ मध्ये उद्घाटनाला आपले तेव्हाचे मुख्यमंत्री पाहुणे म्हणून गेले. पुढे सिरोंचा तालुक्यातल्या नदीकाठच्या शेतांमध्ये फुगवट्याचं पाणी शिरू लागलं; भूसंपादन आणि मोबदल्याचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळला. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे काही खांब खचले, तेव्हापासून तिथे पाणीच साठवलेलं नाही. सिंचनाचा लाभ तेलंगणाला आणि बुडीत महाराष्ट्राला, अशा वाटणीत मुंबईच्या नजरेला सिरोंचा फार लांबचा आहे.

पुराचं काय? पाणी कमी पडण्यापेक्षा एकदम जास्त आलं तर कोण जबाबदार?

या प्रश्नावर लवाद जवळजवळ गप्प आहेत. त्यांनी पाणी वाटलं, पूर वाटला नाही. ऑगस्ट २०२० च्या शेवटी भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीत वैनगंगेचा मोठा पूर आला. वर सिवनी जिल्ह्यात वैनगंगेवर संजय सरोवर आहे, तिथून आणि पेंचमधून विसर्ग झाला, खाली गोसीखुर्द धरणाची ३३ दारं. पाणी किती आणि केव्हा येणार, याची माहिती वेळेवर खालपर्यंत पोचली का, यावर तेव्हा बरीच चिखलफेक झाली. दक्षिणेकडे सांगली-कोल्हापूरच्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत कर्नाटकातल्या आलमट्टी धरणावरून हाच वाद झाला, फक्त दिशा उलटी: तिथे दोष खालच्या धरणाच्या फुगवट्याला दिला गेला. दुसऱ्या कृष्णा लवादाने आलमट्टीची उंची ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटर करायला मुभा दिली, हे कोल्हापूरकर विसरलेले नाहीत.

पुरासाठी टीएमसीचा करार निरुपयोगी आहे. तिथे लागते ती धरणांच्या पातळीची तासागणिक माहिती आणि दोन्हीकडच्या अभियंत्यांमधला थेट फोन.

नागपूर स्वतः कोणाच्या वर आहे का?

आहे, आणि यावर आपल्या शहरात फारसं बोललं जात नाही. नाग नदी शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत जाते आणि तिथे गोसीखुर्दचा फुगवटा सुरू होतो. म्हणजे आपण चौराईकडे बोट दाखवतो तेव्हा पवनी आणि भंडाऱ्याचे लोक आपल्याकडे बोट दाखवत असतात. आंभोऱ्याचा नवा पूल बघायला जाणाऱ्यांनी खालचं पाणीही बघून यावं. नाग नदीच्या पुनरुज्जीवनासाठी सुमारे १,९२७ कोटींचा प्रकल्प केंद्राने मंजूर केला आहे. काम किती पुढे सरकलं, हे नाकाला कळतंच.

एक गोष्ट मात्र शहराने बरी केली. भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांना दिलं जातं. त्यामुळे पेंचवरचा ताण थोडा हलका होतो आणि कन्हानमध्ये जाणारी घाणही. मध्य प्रदेशाची परवानगी न घेता मिळालेलं हे पाणी आहे.

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात तरी वाटणी नीट आहे का?

नाशिक-नगर आणि मराठवाडा यांचं जायकवाडीवरून चालतं ते भांडण दोन राज्यांच्या तोडीचं आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाची तरतूद आहे. मेंढेगिरी समितीच्या सूत्राने ऑक्टोबरमध्ये जायकवाडीत ६५ टक्के साठा नसेल तर वरून पाणी सोडायचं. दर तुटीच्या वर्षी कोणीतरी न्यायालयात जातं. आणि अगदी आपल्या दारात बघायचं तर पेंचच्या नहरावर टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला विचारा. धानाच्या रोवणीच्या दिवसांत हेडचे लोक गेट खाली करू देत नाहीत, तेव्हा त्याच्यासाठी रामटेकचा शेतकरीच मध्य प्रदेश असतो.

मग पुढे काय? बोगदे, नदीजोड?

दोन गोष्टी चर्चेत आहेत. एक, कन्हानच्या वरच्या भागातलं पाणी जामघाट प्रकल्पातून आणि बोगद्याने तोतलाडोहकडे वळवायचं. धरण मध्य प्रदेशात, गरज महाराष्ट्राची, त्यामुळे सहमतीशिवाय वीटही हलत नाही. मे २०२५ मध्ये भोपाळला दोन्ही मुख्यमंत्र्यांनी तापी महापुनर्भरणाचा करार केला, तेव्हा कन्हानच्या प्रकल्पाचाही उल्लेख झाला. तापीचं जमलं तर हेही जमू शकतं. दुसरी, वैनगंगा-नळगंगा जोड: गोसीखुर्दचं पाणी सुमारे ४२६ किलोमीटर पश्चिमेला बुलढाण्यापर्यंत. हे महाराष्ट्राच्या हद्दीतलं असलं तरी गोदावरीचंच पाणी आहे, त्यामुळे तेलंगणा त्याकडे डोळे मिटून बसणार नाही.

सामान्य माणसाने लक्ष कशावर ठेवायचं?

दोन आकड्यांवर, एकावर नाही. तोतलाडोहचा साठा आपल्याकडे रोज छापून येतो. केंद्रीय जल आयोगही देशातल्या मोठ्या जलाशयांचा साप्ताहिक अहवाल काढतो, त्यात तोतलाडोह असतं. त्याच्या शेजारी चौराईचा आकडा ठेवून बघा. जुलैच्या मध्यावर वरचं भरतंय आणि खालचं हलत नाही, असं दिसलं तर आपल्या पालिकेला आणि जलसंपदा विभागाला तेव्हाच विचारा, सप्टेंबरमध्ये नव्हे. चौराईचा साठा सहज मिळत नसेल तर माहिती अधिकारात मागता येतो. अर्ज मध्य प्रदेशच्या जलसंपदा विभागाकडे हिंदीत करा आणि कोणत्या तारखांचा साठा आणि विसर्ग हवा ते नेमकं लिहा.